साधी पिशवी

सांगली,
रविवार दुपार

प्रिय ठमाबाई,

तुझा परवाचा मेसेज वाचून आधी हसले, मग रागच आला. 'दोन महिने झाले, साधी पिशवी शिवायला एवढा वेळ?' अगं, गिऱ्हाइकं असं म्हणतात ते समजू शकते, पण तूही? आज मशीनवर झाकण टाकलंय, घरात सगळे झोपलेत. तेव्हा सविस्तरच लिहिते.

२०१८च्या मार्चमध्ये सरकारनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा मला वाटलं होतं, झालं, आपलं नशीब उघडलं. आता भाजीवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत सगळे माझ्या दारात. कसलं काय! बाजारात जिकडे तिकडे त्या नॉनवोव्हनच्या पिशव्या. हाताला कापडासारख्या लागतात, पण असतं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. 'तिकडे दहा रुपयांत कापडी पिशवी मिळते' असं ऐकवणाऱ्यांना समजावत बसायचं मी केव्हाच सोडलं आणि खणाच्या पर्सा, डब्याच्या पिशव्या, झोळे यांकडे वळले. मधे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली. ती फुकट असते हे मला नंतर कळलं. करून देणाऱ्यानं पाचशे घेतले होते. असो.

तर साधी पिशवी. मांजरपाट, म्हणजे साधं जाडं सुती कापड, आणते इचलकरंजीहून. आणला की लगेच कात्री लावायची नाही, आधी रात्रभर पाण्यात. खळ निघते, कापड आटायचं तेवढं आटून घेतं. मग वाळवायचं, इस्त्री करायची, फर्मा ठेवून कापायचं. खणाचा पन्हा लहान, त्यामुळे त्याचं कटिंग डोकं लावून करावं लागतं, नाहीतर निम्मा खण चिंध्यांत जातो. आणि बंद! पिशवीचा जीव बंदात असतो. जिथे बंद जोडतो तिथे चौकोन मारून आत फुली घालायची. त्या जागी कापडाचे आठ-आठ पदर येतात. सोळा नंबरची सुई तिथे टक्कन मोडते, अठराच लागते. एका पिशवीला सव्वा तास धर. सामान दीडशेचं, विकते साडेतीनशेला, आणि तरी 'ताई, काहीतरी कमी करा' आहेच.

गेल्या दिवाळीआधी मी याच पाण्याच्या कामात आळस केला. एका घरच्या वास्तुशांतीची ऑर्डर होती, पन्नास पिशव्या. पांढऱ्या मांजरपाटावर डाळिंबी खणाची पट्टी. दिवस कमी होते म्हणून खण पाण्यातून काढलाच नाही. शेवटी सगळ्या पिशव्यांना वाफेची इस्त्री फिरवली आणि बघते तर पट्टीच्या कडेनं गुलाबी ओघळ! अठरा पिशव्या गेल्या. रात्री दोन वाजता जमिनीवर बसून ब्लेडनं पट्ट्या उसवत होते आणि हे शेजारी बसून धागे ओढत होते. हे म्हणाले, 'गुलाबीच होती असं सांग ना.' इतक्या रडण्यातही हसू आलं. उरलेल्या बत्तीसच दिल्या, अठरांचे पैसे घेतले नाहीत. त्या बाईंनी पुन्हा ऑर्डर दिलेली नाही आणि मला त्यात त्यांची काही चूक दिसत नाही.

आता तुझ्या आईच्या इरकलीचं. तू लिहिलंस, 'पदर कापून तिघी बहिणींना एकेक पर्स कर.' साडी उलगडून मी तासभर बघत बसले. काठ नि पदर लाल, अंग काळंभोर. तुला ठाऊक आहे का, इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो? मागावर दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून जोडतात. टोपी-तेनी म्हणतात त्याला. जोड बोटाला जेमतेम लागतो. तिथे कात्री घालायची म्हणजे ज्यानं हजारो धागे एकेक करून अडकवले त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. शिवाय पदर रेशमी, घडीवर विरलाय. नखानं ओढला तर फाटेल, पर्सेचं ओझं काय पेलणार? अंग मात्र सुती, आणि अजून ठणठणीत. नऊवारी आहे, कापड भरपूर. तेव्हा माझं ऐक, काळ्या अंगाच्या, काठ वर घेऊन, तीन पिशव्या करते. आतून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारा आधाराचा थर, लावीन, अस्तर मांजरपाटाचं. पदर जोडासकट अख्खा राहू दे. तो कुणाकडे ठेवायचा हे तुम्ही तिघींनी आपसांत ठरवा, मला त्यात ओढू नका!

आणखी एक. निऱ्यांच्या बाजूला, काठापासून वीतभर अंतरावर, रफू आहे. रुपयाएवढा. काळ्या दोऱ्यानं, टाके थोडे तिरके. काकूंच्याच हातचा असणार, त्यांचे टाके नेहमी उजवीकडे कलायचे, आठवतंय? आपल्या शाळेच्या दप्तराला घातलेलेही तसेच होते.

तो तुकडा एका पिशवीत येईलच. मी तो आतल्या बाजूला दडवू शकते, किंवा बाहेर, खिशाच्या वर, दिसेल असा ठेवू शकते. माझं विचारशील तर बाहेर. पण तिघींना विचारून कळव, आणि ती पिशवी कुणाची तेही. त्याशिवाय मी कात्री हातात घेणार नाही.

तुझीच,
पिशवीवाली