पातेल्यातले पाणी निवळेपर्यंत

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गालिच्यासाठी लोकरीचे कापड आणि स्वेटरसाठी लोकरीच्या लडी, दोन्ही घरीच रंगवायचा तुझा बेत वाचून मला फार आनंद झाला. रंग चढतो खरा, पण तो सगळीकडे सारखा कसा चढवायचा, असे तू विचारले आहेस. मला स्वतःला हे समजायला बराच काळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकर आपल्या केसांसारखीच प्रथिनांची बनलेली असते. पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत घातले की त्या प्रथिनांवर धन भार येतो, आणि ज्यांना ॲसिड रंग म्हणतात त्यांच्या ऋण भाराच्या कणांना लोकर स्वतःकडे ओढू लागते. उष्णतेने तंतू फुगतो आणि रंग आतपर्यंत शिरतो. रंग पक्का होतो तो या दोहोंमुळे, आणि डाग पडतात तेही या दोहोंमुळेच, कारण आम्ल आणि उष्णता एकदम मिळाली की पाण्याला आधी स्पर्श करणारा भाग सगळा रंग पिऊन टाकतो आणि मागच्यासाठी काही उरत नाही. माझी पहिली निळी लड अशीच बिघडली होती. व्हिनेगर आधीच ओतलेल्या, वाफाळत्या पाण्यात मी ती जेमतेम ओली करून सोडली; बाहेरचे धागे गडद निळे झाले, आतले फिकट राहिले, आणि जिथे मी दोरा आवळून बांधला होता तिथे लोकर पांढरीच राहिली. तेव्हापासून मी लड बांधताना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सैल फास घालते, इतका सैल की त्यातून बोट सहज फिरावे.

आता मी काय करते ते सांगते. लोकर कोरडी असताना तिचे वजन करते आणि मग ती भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घातलेल्या कोमट पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवते. पातेल्यातल्या कोमट पाण्यात रंग नीट ढवळून घेते, त्यानंतर भिजलेली लड सोडते आणि आच अगदी मंद ठेवते. पाणी 85 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला तरी चालतो. आम्ल मी वाटेत, दोन-तीन वेळा थोडे थोडे घालते, आणि प्रत्येक वेळी लड बाजूला उचलून धरते, म्हणजे ते थेट तिच्यावर पडत नाही. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर रंग फारच झपाट्याने ओढते, तेव्हा तिच्या बाबतीत ही सावकाशी दुप्पट पाळ. पाणी खळखळा उकळू देऊ नकोस. रंगाची पूड मोजताना मात्र तोंडाला मास्क हवाच, आणि हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नकोस.

नंतर तो क्षण येतो ज्याची मी अजूनही वाट पाहते. पाणी एवढे तापल्यावर अर्ध्या तासाने त्यातले चमचाभर काढून पांढऱ्या बशीत ओतून बघ. आधी ते शाईसारखे दिसत होते. आता त्यात बशीची नक्षी स्वच्छ दिसेल. सगळा रंग लोकरीत गेला, पाण्यात काही उरले नाही. पाणी निवळले नसेल तर थोडे आम्ल आणि आणखी दहा-पंधरा मिनिटे दे. निवळले की गॅस बंद करून लोकर त्याच पाण्यात थंड होऊ दे. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात; गरम लड गार नळाखाली धरून चोळली की ते एकमेकांत अडकतात, लोकर आटते, आणि झालेला नमदा पुन्हा मोकळा होत नाही.

गंमत म्हणजे लडीचे जे नुकसान, ते गालिच्याच्या कापडाच्या कामाचे असते. ते कापड मी मुद्दाम गरम पाण्यात धुऊन थोडे आटवून घेते, म्हणजे त्याच्या 2 ते 6 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या तरी कडांचे धागे सुटत नाहीत आणि हुकने तागाच्या कापडातून वर ओढलेले फास भरीव दिसतात. डागांचेही तसेच. गालिच्यातल्या पानासाठी मी कापड चुरगाळून पातेल्यात कोंबते, कारण एका पट्टीत गडद, दुसरीत फिका असा हिरवा आला की पान जिवंत वाटते. स्वेटरमध्ये मात्र तोच डाग ओळीमागून ओळी एकाच जागी साचून चट्टा होतो. म्हणून हाताने रंगवलेल्या दोन लडी घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विण.

तुझ्या गुलाबाच्या पाकळ्यांसाठी सहा छटा लागतील. 1 ग्रॅम रंग 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेव. प्रत्येकी 20 ग्रॅम कापडाचे सहा तुकडे घे आणि त्यांना अनुक्रमे 32, 16, 8, 4, 2 आणि 1 मिलिलिटर रंग दे. दर वेळी निम्मे का, असे तुला वाटेल; आपला डोळा छटांमधला फरक बेरजेने नव्हे, पटीने ओळखतो, त्यामुळे निम्मे करत गेले तरच पायऱ्या सारख्या दिसतात. विकतचा गुलाबी फार भडक वाटला तर त्यात हिरव्याचे एक-दोन थेंब टाक, तो लगेच शांत होतो. काळा घालू नकोस, त्याने गुलाबी मळकट होतो.

वनस्पतींच्या रंगांबद्दलही तू विचारले होतेस. 1856 साली विल्यम हेन्री पर्किन यांना क्विनीन बनवण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग हाती लागला. त्याआधी रंगाऱ्याला मुख्यतः झाडे आणि कीटक यांच्यावरच भिस्त ठेवावी लागे. मंजिष्ठेसाठी 100 ग्रॅम लोकरीला 12 ग्रॅम तुरटी देऊन आधी लोकर तयार करावी लागते, आणि मुळांचे पाणी फार तापवले तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. पण मला सर्वांत प्रिय आहे ती नीळ. ती पाण्यात विरघळतच नाही; क्षारयुक्त पाण्यात तिचे क्षपण केले, म्हणजे प्राणवायूच्या उलट क्रिया तिच्यावर घडवली, की विरघळते, आणि लोकर त्या पिवळट पाण्यातून बाहेर येते ती पोपटी हिरवी. तुझ्या हातात असतानाच, हवेने, कडेपासून ती निळी होत जाते. तू आलीस की हे आपण दोघींनी मिळून करू.

तोवर एकाच लडीपासून सुरुवात कर, वजन आणि मापे वहीत लिहून ठेव, आणि पहिल्या लडीचा वीतभर धागा मला पाठव. पाठवण्याआधी तो पुरता वाळू दे. ओली लोकर नेहमी गडद दिसते, आणि मला तुझा खरा रंग बघायचा आहे.

तुझी,
मैत्रीण