दिग्या, शाळेचा पट ९ वर आलाय

२२ जून २०२५

दिग्या,

शिमग्यानंतर तुला एक ओळ टाकली नाही, माहितीय, शिव्या नंतर घाल. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा होता तसाच, माझी शुगर बॉर्डरवर आहे म्हणे, म्हणजे चहाच्या वेळी सुप्रिया साखरेच्या डब्याजवळ उभी असते एवढंच.

विषय शाळेचा आहे. व्हॉट्सअपवर टाकलं असतं तर तू ते पाच मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर ढकललं असतंस आणि संत्याने तलवार उपसली असती, म्हणून मेल करतोय. हे फक्त तू वाच.

पट ९ वर आला. गेल्या साली १३ होता, पाच जणं वरच्या शाळेत गेली आणि पहिलीला नवीन एकच, आपला ओम. वाडीत पहिलीची पोरं तशी तीन, पण दोन पिवळ्या व्हॅनने इंग्लिश मिडीयमला. २०१७ ला दहाच्या आतल्या तेराशेच्या वर शाळा बंद करायचं निघालं तेव्हा आपण ११ वर होतो, वाचलो. मग २०२३ ला समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक करायचं पत्र आलं, वीसच्या आत पट असलेल्या राज्यात १४,७८३ शाळा असा आकडा छापून आलेला, मी कात्रण तुला पाठवलेलं आणि तू थम्ब दिलेलास. आता तोंडी निरोप आलाय की तुमच्या शाळेचं वरच्या गावात समायोजन करायचं चाललंय, समितीची आणि पालकांची संमती द्या.

कायद्यात पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे ना, म्हणून अंतर बघायला साहेब आले. मोबाईलवर सरळ रेष टाकली, ९०० मीटर. मी म्हटलं साहेब, ही रेष पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या वरून जाते, पोरं काय बगळे आहेत? रस्त्याने अडीच भरतं. ते हसले, चहा प्यायले, बोलले तसं लिहून द्या. दिलं लिहून, पोच घेतली. पूर्वी निदान झेडपी मेंबरच्या ओटीवर जाऊन बोंब मारता यायची, २०२२ पासून तिथे प्रशासक, बोंब मारायची तरी कोणाच्या नावाने.

मग ग्रामसभा झाली. तुला सांगतो, गणपतीच्या हिशेबालासुद्धा एवढी माणसं नव्हती. आपली शाळा, आपली अस्मिता, रस्ता अडवू, उपोषणाला बसू. ठराव एकमताने. आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा, तर ज्याची दोन्ही नातवंडं व्हॅनमध्ये बसतात त्याचा (नाव लिहीत नाही, तुला कळलं असेल, तोच, आपला बॅट चोरणारा). मी काही बोललो नाही, कारण मुद्दा बरोबर आहे माणसाचा, फक्त पोरं चुकीच्या गाडीत आहेत.

घरी आलो तर सुप्रिया म्हणते, ठराव झाला ना, छान, आता ओमचं काय? मी म्हटलं ओमचं काय म्हणजे, तो जातोय ना शाळेत. तर म्हणाली, तुमची शाळा टांगायला माझा पोरगा खुंटी नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नाहीये रे. बाई चांगल्या आहेत, खोटं बोलणार नाही, तिसरीतली पोरं खडाखडा वाचतात, व्हॅनवाल्यांना पावसाळ्याचा निबंध इंग्लिशमध्ये पाठ आहे पण गोष्टीचं पुस्तक दिलं की बघत बसतात. पण बाई एक आणि वर्ग पाच, त्यात आधारच्या दुरुस्त्या, पोषण आहाराची माहिती रोज मोबाईलवर भरायची, आणि रेंज फक्त पिंपळाखाली, म्हणजे बाई पिंपळाखाली. दुसरे गुरुजी २०२३ च्या आंतरजिल्हा बदलीत गेले ते गेलेच. तेव्हा निवृत्त शिक्षकांना २० हजारावर बोलवायचं निघालेलं, मला वाटलं आता आपले कान पिळणारे गुरुजी परत येतात की काय, पोटात गोळा आलेला या वयात.

पण शिक्षकापेक्षा मला दुसरंच खातंय. ओम पहिलीत एकटा आहे. एकटा म्हणजे एकटाच. तिकडे तुमच्या चॅनलवर पहिलीला हिंदी हवी की नको यावर रोज रण पेटतंय, इथे पहिलीत पोरगाच एक. स्पर्धा कोणाशी करणार, पाटी कोणाची फोडणार? मेल्या, तू होतास म्हणून मी पाढे शिकलो, तुला हरवायला. स्कॉलरशिपला तुला सहा मार्क जास्त पडले ते माझं गणित बघून, हे मी तुझ्या नातवाच्या लग्नातसुद्धा बोलणार आहे. वरच्या शाळेत पहिलीत १४ पोरं आहेत. मग सही करायची? केली तर बाकीची आठ पण गेली, त्यात धनगरवाडीच्या दोन पोरी आहेत, पावसात पऱ्या ओलांडून त्या जाणारच नाहीत, घरी बसणार, हे मला आत्ता दिसतंय. नाही केली तर सुप्रियाचं बरोबर आहे.

आणि तुमचं मंडळ गेटवर कमान बांधतंय, देणगीदारांच्या नावासकट! मागच्यांदा दिलेला प्रिंटर अजून खोक्यात आहे. त्या पैशात पावसाळ्याचे चार महिने रिक्षा लावा, वरून खाली पोरं आणा ना, व्हॅनवाला तेच तर करतो.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. जागा तुझ्या आजोबांनी दिलेली, पण सातबारावर अजून तुमचंच नाव आहे. नंदू परवा तलाठ्याकडे चौकशी करून आला. शाळा उठली की त्याला तिथे होमस्टे दिसतोय. आजोबांनी बक्षीसपत्र केलं होतं की नुसतं तोंडी? काकूंच्या ट्रंकेत बघ. सापडलं तर फोटो नको, झेरॉक्स पाठव. नंदूशी तूच बोल, माझ्याशी तो पायवाटेच्या भांडणापासून बोलत नाही.

नवीन रूमचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली ठाण्याला झाली ऐकलं, बरं झालं, लोकलचे हाल वाचले. चिनूला दहावीत ८८ पडले, पेढे बाकी आहेत.

संमतीच्या कागदावर समितीची मीटिंग येत्या शनिवारी आहे. त्याआधी लिही. फोन करू नको, फोनवर तू हो हो म्हणतोस आणि मागे टीव्हीवर मॅच चालू असते.

तुझा,
बाळ्या