मंत्रीसाहेब, ट्रक पकडता ते ठीकच, पण शाळेसमोरच्या ठेल्याचं काय?

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, समोर हायस्कूल आणि बाजूला लागून दोन पानठेले. त्यामुळे खर्ऱ्याबद्दल जे लिहितोय ते काउंटरवर बसून दिवसभर जे दिसतं तेच आहे, फार अभ्यास वगैरे नाही माझा.

विदर्भाबाहेरचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, टाकून तळहाताने घासून घासून घोटायचं, चांगलं ओलसर झालं की पन्नीला गाठ मारून द्यायचं. गुटख्यासारखं पाकीट नाही, त्यामुळे त्याच्यावर ना कंपनीचं नाव ना कॅन्सरचा फोटो ना तारीख. मधल्या सुट्टीत आठवी-नववीचे पोट्टे येतात, दोघातिघांत मिळून एक घेतात, आणि तो कंपासपेटीत जातो. सुरुवात खर्ऱ्यानेच होते असंही नाही, आधी गोड सुपारी, मग "सादा" म्हणजे तंबाखू कमी टाकलेला, मग मोठ्या भावासारखा. ठेलेवाल्याला वय विचारायचं असतं हे माहीतच नाही असं नाही, "काकाने मागवला" म्हटलं की त्याचंही भागतं आणि पोराचंही.

आता तुमच्या खात्याकडे येतो. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, आयुक्तांचा आदेश वर्षभराचा असतो म्हणून तो दर वर्षी नव्याने काढावा लागतो, तो निघतोही. सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही बंदी आहे. म्हणजे शाळेसमोर जो खर्रा घोटला जातो त्यातला मुख्य मालच बंदीतला आहे, वरून ती पन्नी, तिच्यावरही २०१८ पासून बंदी. एका हातात दोन बंद्या घेऊन माणूस भर चौकात बसलेला असतो आणि कोणालाच काही वाटत नाही. पेपरात मात्र अमुक लाखांचा गुटखा जप्त, शेजारच्या राज्यातून येणारा ट्रक पकडला, फोटो, बस. ट्रक पकडू नका असं मी म्हणत नाही, पकडाच, पण नववीतला पोरगा ट्रककडून खर्रा घेत नाही ना.

शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा, दंड दोनशे रुपयांपर्यंत. दोनशे रुपये साहेब! ठेलेवाला दंड भरून चहा पाजतो. आणि दुसऱ्या टोकाला बाल न्याय कायद्याचं कलम ७७, अल्पवयीन मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आता गावातला जमादार काय करणार, ज्याच्याकडे तो स्वतः रोज खर्रा खातो त्याला सात वर्षं आत टाकायला निघणार का? नाहीच निघणार. म्हणून एकतर दोनशेची पावती, नाहीतर काहीच नाही. या दोन्हीच्या मधलं काहीतरी तुम्ही जागेवर आणायला पाहिजे, आणि माझ्या मते ते म्हणजे ठेल्याची जागा. नगरपंचायतीला सांगा, १०० यार्डातला ठेला हलवा, दुसरीकडे जागा द्या, नवीन जागेवर त्याला चहा-नाश्ता, भाजी जे विकायचं ते विकू दे. आणि मुख्य म्हणजे तालुक्याला सुगंधित तंबाखूचे डबे पुरवणारे होलसेलवाले मोजकेच असतात, ठेलेवाले शेकडो, पण कारवाई नेहमी शेकड्यांतल्याच दोघांवर. माझ्या शेजारचा ठेलेवाला काही राक्षस नाही, त्याचं घर त्याच्यावर चालतं, आणि स्वतःच्या पोराला तो ठेल्यावर उभंसुद्धा राहू देत नाही. त्याला नक्की काय माहीत आहे ते यावरून समजून घ्या.

आकड्यांचं बोलायचं तर २०१९ च्या सर्वेक्षणात देशात १३ ते १५ वर्षांची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरतात असं आलं, महाराष्ट्राचा आकडा त्याहून कमी आला म्हणून मुंबईत बरं वाटलं असेल. पण सरासरीत चंद्रपूर-गडचिरोली बुडून जातं हो. गडचिरोलीत २०१६ पासून दारू-तंबाखूवर मुक्तिपथ नावाच्या मोहिमेचं काम चालू आहे, गावागावात लोक ठराव करून विक्री बंद करतात, डॉ. अभय बंगांनी हे वर्षानुवर्षं ओरडून सांगितलंय. मग बाजूच्या जिल्ह्यांनी काय पाप केलं?

अजून एक, ३१ मेला तंबाखूविरोधी दिन असतो, शपथा, बॅनर, सेल्फी. पण ३१ मेला शाळेला सुट्टी असते! विदर्भात तर शाळा उघडायला जून संपत येतो. शपथ घेतात ती शिक्षक आणि तलाठी मंडळी, आणि कधीकधी त्यांच्याच गालात तोबरा असतो. तो कार्यक्रम जुलैत घ्या राव, मुलं असताना.

आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, डॉक्टर वजन-उंची, डोळे, दात बघतात. तुमच्या आरोग्य खात्याच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा की प्रत्येक मोठ्या पोराला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला लावा. जातात की नाही बघा. सुपारी-खर्ऱ्याने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते, मग हळूहळू जबडा उघडायचाच बंद होतो, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. माझ्या दुकानात बारावीचा एक मुलगा अर्जाचे झेरॉक्स काढायला आला होता, मी सहज म्हणून बोटं घालायला सांगितली तर दोनच गेली, तो हसला आणि म्हणाला "काका, पाणीपुरी पण अर्धी तोडून खातो मी." त्याला ती गंमत वाटत होती.

घरातही आजी दातांना नस म्हणजे तंबाखूची पूड लावते, लग्नात-तेरवीत ताटलीत खर्रा फिरतो, हे सगळं तुमच्या आदेशाने थांबणार नाही हे मलाही कळतं. ते आमचं आम्ही बघू. पण शाळेचं गेट आणि होलसेलवाल्याचं गोडाऊन या दोन जागा सरकारच्या हातात आहेत. जुलैत नवीन आदेश काढाल तेव्हा त्याच्यासोबत प्रत्येक तालुक्यात किती गोडाऊन तपासली आणि १०० यार्डातले किती ठेले हलवले, ही यादी दर तीन महिन्यांनी नगरपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा, गाववाले वाचतील.

आणि कधी इकडे दौरा असला तर मधल्या सुट्टीत या, कोणाला न कळवता. कळवून आलात तर त्या दिवशी ठेले बंद असतात.

आपला,
शाळेसमोरचा झेरॉक्सवाला
जि. चंद्रपूर