जुन्या एमजीबीला प्लग निवडताना

सन्माननीय संपादक,

‘जुनी स्पोर्ट्स कार आहे, चांगले प्लग द्या,’ असे म्हटले की दुकानदार हमखास महागड्या इरिडियमच्या स्पार्क प्लगची डबी पुढे करतो. महाग ते चांगले हा हिशेब प्लगला लागू पडत नाही. एमजीबीचे उदाहरण घेऊन हे सविस्तर लिहितो. इंग्लंडमधील ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी, हिच्या १७९८ सीसी इंजिनाचे हेड, म्हणजे प्लग बसतात तो वरचा भाग, बिडाचे. प्लगच्या बाबतीत या इंजिनाची मागणी अगदी साधी आहे.

तिला लागणारा प्लग म्हणजे एनजीके कंपनीचा बीपी६ईएस. त्याच्याच जोडीचे इतर कंपन्यांचे प्लग: चॅम्पियनमध्ये एन९वायसी, बॉशमध्ये डब्ल्यू७डीसी, डेन्सोमध्ये डब्ल्यू२०ईपी-यू. तिथेच पहिली चूक होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे लवकर सोडतो. चॅम्पियन आणि बॉशमध्ये नेमके उलटे, आकडा वाढला की प्लग ‘गरम’. त्यामुळे ‘सहा नंबर मिळाला नाही, सात चालेल का?’ या प्रश्नाला कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

एनजीकेच्या नावातले प्रत्येक अक्षर वाचायला हवे. ‘बी’ म्हणजे १४ मिमीचे आटे आणि २०.८ मिमीचा षटकोन. ‘पी’ म्हणजे चिनीमातीचे नाक पुढे आलेले. असे नाक हळू चालवताना लवकर तापून काजळी जाळते आणि वेगात आत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या थंड मिश्रणाने निवते, म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीला तेच बरे. सुरुवातीच्या एमजीबीच्या पुस्तिकांत चॅम्पियनचा सपाट नाकाचा एन५ दिलेला आढळतो. पुढे कंपनीनेच एन९वाय सुचवला, तेव्हा जुन्या पुस्तिकेवर अडून बसू नये. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ‘एच’ असेल तर १२.७ मिमी.

या ‘ई’ आणि ‘एच’च्या गोंधळात हेड जातात. दोन्हींचा व्यास एकच, त्यामुळे चुकीचा प्लगही हाताने सुरेख बसतो. आखूड प्लग लांब भोकात गेला तर ठिणगी खोबणीत पडते, इंजिन मिस मारते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन भरतो. मग योग्य प्लग आणला तरी तो शेवटपर्यंत जात नाही. लांब प्लग आखूड भोकात गेला तर पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतो. धडकला नाही तरी आत डोकावणारे आटे लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटवतात, आणि कार्बन धरलेला तो प्लग काढताना हेडचे आटेही सोबत घेऊन येतो. एमजीबीला सगळीकडे १९ मिमीच लागतो. पण तिच्या आधीच्या एमजी टीडी या गाडीमध्ये (१९४९ ते १९५३) उत्पादन चालू असतानाच १२.७ वरून १९ मिमीवर बदल झाला. शिवाय इतक्या वर्षांत हेड बदललेले असण्याची शक्यता असतेच. गाडीतून निघालेला प्लग बरोबरच असेल असे धरू नका, भोकाची खोली मोजा.

आकडा ६ कधी सोडायचा? मूळच्या ८.८:१ कम्प्रेशन रेशोला तोच योग्य. हेड घासून कम्प्रेशन दहाच्या वर नेले असेल किंवा गाडी शर्यतीत उतरवायची असेल तरच ७ घ्या. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्वतःची काजळी जाळते. ८५०च्या पुढे गेले की ठिणगीआधीच मिश्रण पेटवू लागते. विनाकारण थंड प्लग लावून सिग्नल ते सिग्नल चालणारी गाडी खालच्या मर्यादेपर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

आता सध्याच्या पेट्रोलबद्दल. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के कमी हवा पुरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीइतकीच हवा देतो आणि मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. प्लग पांढरट दिसू लागतो, आणि मेकॅनिक ‘प्लग गरम पडतोय’ म्हणून ७ किंवा ८ लावतो. दोष प्लगचा नसतो. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या जेटचे नट एकेक कड, म्हणजे एक षष्ठांश फेरा, सारखे खाली आणून मिश्रण रिच करावे, म्हणजे इंधन वाढवावे, आणि पुन्हा पाहावे. नाकाचा रंग फिकट बिस्किटी असावा असे म्हणतात, पण आजच्या पेट्रोलवर तो पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही. फोड किंवा वितळलेले कण दिसले तर मिश्रणासोबत ठिणगीचे टायमिंगही तपासा. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच मिश्रण किंवा अडकलेला चोक (थंड इंजिन चालू करताना मिश्रण रिच करायची सोय). ओला तेलकट काळा थर असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा पाहाव्या लागतील, आणि ते दुखणे कुठल्याही प्लगने बरे होत नाही.

इरिडियमचा मधला तार ०.६ मिमीचा, साध्या प्लगचा २.५ मिमीचा. बारीक तारेला ठिणगीसाठी व्होल्टेज कमी लागते हे खरे आणि तो टिकतोही खूप. पण वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत साधा प्लगही वर्षानुवर्षे झिजत नाही, आणि चोक जास्त ओढून इंजिन ओले झाले तर दोन्ही सारखेच बाद होतात. तीन-चार टोकांच्या प्लगचे तर विचारूच नका, ठिणगी एका वेळी एकाच टोकावर पडते.

‘आर’ अक्षर, म्हणजे बीपीआर६ईएस, हा मात्र विचार करण्याजोगा मुद्दा आहे. त्यात सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा भाग, असतो. ठिणगीसाठी जुने कॉन्टॅक्ट पॉइंट (यांत्रिक स्विच) आणि प्लगकडे जाणाऱ्या कार्बनच्या एचटी (उच्च दाबाच्या) वायरी असतील तर दोन्ही प्लग चालतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागात) पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले असेल आणि वायरी तांब्याच्या असतील तर ‘आर’च घ्या, नाहीतर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने मॉड्यूल बिथरते. नकली ओळखायलाही याचा उपयोग होतो. वरच्या टोकापासून मधल्या तारेपर्यंत मल्टिमीटर लावा. ‘आर’ प्लग साधारण ३ ते ७.५ किलोओहम दाखवतो, बिनरेझिस्टरचा जवळपास शून्य. वॉशर सहज गळून पडत असेल किंवा मधला तार तिरका असेल तर डबी परत करा. दुचाकीच्या दुकानातून घेतल्यास वरचा नट मिळाला का ते पाहा आणि पक्कडीने आवळा. सैल नटामुळे येणारे मिसिंग शोधण्यात दिवस जातो. बीपी६ईएस मिळालाच नाही तर बीसीपीआर६ईएस चालतो. आटे आणि लांबी तीच, फक्त पाना १६ मिमीचा लागतो.

डबीतून निघालेला प्लग तसाच लावू नका. त्याचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो, पॉइंटच्या एमजीबीला हवा २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.६४ मिमी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७५ नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांना ३५ थाऊ. बाहेरची पट्टीच वाकवा, मधल्या तारेवर जोर नको.

इंजिन थंड असताना प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, वायरींना क्रमांक द्या, जुना वॉशर भोकावर चिकटून राहिला नाही ना ते बघा. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून फिरवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, हेड वाचते. हाताने पूर्ण बसल्यावर गोटी पान्याने अर्धा फेरा, टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटर. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून बाराव्या हिश्श्याइतका फेरा पुरे. आट्यांना ग्रीस लावू नये, त्याने त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. वायरी लावताना सिलिंडरांच्या ठिणगीचा क्रम १-३-४-२, आणि डिस्ट्रिब्युटरमधला रोटर उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतो हे ध्यानात असू द्या.

— जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, पुणे