तुमचीच सही राहिली

प्रिय मित्रा,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. खरं लिहायचं तर गेल्या मंगळवारची गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून टाळत होतो.

त्या दिवशी आमच्याकडे मुलाखती होत्या. राखीव जागा एक, उमेदवार चार. समितीच्या हजेरीपत्रकावर बाकीच्यांच्या नावापुढे अध्यक्ष, विषयतज्ज्ञ असं काहीबाही. माझ्यापुढे ‘मागासवर्गीय प्रतिनिधी’. एकोणीस वर्षांची नोकरी त्या दोन शब्दांत मावते.

तिसरी मुलगी लातूरकडची. विषय पक्का, फळ्यावर न अडखळता मांडून दाखवलं. मग एका तज्ज्ञांनी इंग्रजीतून काहीतरी आडवळणाचं विचारलं. ती थांबली, “मराठीत सांगू का?” म्हणाली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. शेवटी शेरा ठरला: योग्य उमेदवार आढळला नाही. मी म्हणालो, तिसरी चांगली होती. “पुढच्या वेळी बघू,” म्हणत त्यांनी काजूची बशी माझ्याकडे सरकवली. बाहेर पडलो तर शिपाई कागद घेऊन मागे. “साहेब, तुमचीच सही राहिली.”

केली.

लेका, रात्रभर झोप नाही. होस्टेलच्या गच्चीवर आपण गांधी-आंबेडकरांच्या 1932 च्या पुणे करारावरून भांडायचो ते आठवलं. मी म्हणायचो, प्रांतांच्या कायदेमंडळांत आपल्याला 148 राखीव जागा मिळाल्या, इंग्रजांनी स्वतंत्र मतदारसंघ देताना केलेल्या जातीय निवाड्यापेक्षा कितीतरी जास्त. तू म्हणायचास, जागा मोजू नकोस, मतं कोणाची ते बघ. चार नावं आपण काढायची आणि त्यातला एक पक्का करायचा सगळ्यांनी, म्हणजे ज्यांची मतं जास्त त्यांनी. 1952 ला उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब पडले आणि काँग्रेसचे काजरोळकर आले, हा तुझा हुकमाचा पत्ता. तेव्हा मला तो राग वाटायचा. आता कळतं. मला समितीवर आपल्या लोकांनी नाही, त्या अध्यक्षांनीच बसवलंय. नडलो तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील. आपल्यातली नावं आता भरपूर आहेत त्यांच्याकडे.

नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठीचा सत्याग्रह 1930 ला सुरू झाला आणि 1934 मध्ये बाबासाहेबांनीच तिथले आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून तो पुरे म्हणून सांगितलं. दार उघडलं की समता आली, असं त्यांनी मुळात मानलंच नव्हतं. लोक पेटून उठावेत म्हणून ते सगळं होतं. आम्ही मात्र दार किलकिलं झाल्याबरोबर आत सतरंजी टाकून बसलो.

पण तुझंही सगळं पटत नाही हं. ‘सोड ती नोकरी’ हे स्वतःच्या वकिलीच्या खोलीत बसून लिहायला सोपं आहे. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा नसती तर मी आज बापामागे वीटभट्टीवर असतो. आणि मी उठून गेलो तर त्या खोलीत ‘तिसरी चांगली होती’ एवढंही कोणी म्हणणार नाही. (म्हणून काय उपटलं, असं तू म्हणशील. म्हण.)

पुढची बैठक 12 तारखेला आहे. या वेळी सहीच्या वर असहमतीचा शेरा लिहायचा म्हणतोय. नियमात बसेल, कोर्टात टिकेल असा चार ओळींचा मसुदा करून पाठव. आणि त्या मुलीने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर तिला तिचे गुण मिळतील का, तेही कळव. दहा तारखेच्या आत.

वहिनींना जय भीम.

तुझाच