पडद्यावरच्या पुस्तकाला समास हवा

महोदय,

दहावीतली माझी मुलगी टॅबवर इतिहास वाचते. परवा पाहिले तर महत्त्वाच्या ओळी बोटाने रंगवता रंगवता अख्खे पान पिवळे. पेन्सिल हातात असली की रेघ ओढताना जरा विचार होतो, बोटाला तो होत नाही. समासात तिने स्वतः लिहिलेला ‘का?’ मात्र तिला आठवड्यानंतरही आठवत होता. अडचण अशी, की युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची युनिकोड पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफमधील ओळ रंगवता येते, पण टिपणासाठी कॉपी केल्यास निरर्थक चिन्हेच हाती लागतात. दुसरी ते आठवीच्या छापील पुस्तकांत नोंदींसाठी २०२३-२४ मध्ये घातलेली कोरी पाने शासनाने २०२५ मध्ये रद्द केली. पडद्यावरच्या पानांनी दप्तर जड होत नाही, तेव्हा ई-पुस्तके तरी युनिकोडमध्ये आणि रुंद समासाची द्यावीत, ही विनंती.

– एक पालक, सातारा