मासे मरण्याआधी जागे व्हा

इंदापूर, दौंडकडे शेततळ्यांत रोहू-कटला पाळणारे पुष्कळ आहेत, पण रोगाची आठवण मासे तरंगू लागल्यावरच होते. थंडीत अंगावर लाल चट्टे उठतात, त्यांचे खोल व्रण होतात. १९८८मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेला हा बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा व्रणरोग. व्रण पडल्यावर उपचार करून फारसे हाती लागत नाही. म्हणून विकत आणलेले बीज, म्हणजे माशांची पिल्ले, थेट तळ्यात सोडू नये. आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून पाहावे. शेजाऱ्याचे ओले जाळे तर मुळीच घालू नये, कडक उन्हात वाळवूनच वापरावे. दुकानदाराच्या शब्दावर प्रतिजैविके ओतणे घातकच. मत्स्यव्यवसाय विभागाने थंडीआधी तळ्यांवर येऊन पाणी तपासावे, ही कळकळीची विनंती.

– एक मत्स्यपालक, पुणे